चिंचेखालचं आवळीभोजन

गुरुवार, ७ नोव्हेंबर

देवा, आत्यांसारखी सासू वैरिणीलाही देऊ नकोस. आणि मला दिलीस ती परत मागू नकोस.

सकाळी चहा फुंकत फुंकत सांगतात, "रविवारी आवळीनवमी. जुन्या बागेत आवळीखाली जेवायला जायचं. भरल्या वांग्यांचं एण्णेगाय जास्तीचं कर. रायापूरचे मास्तर येणारेत."

कुणी बोलावलं? "मी." फोन कुणी लावून दिला? शेजारच्या गिरिजक्कानं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

वसंतराव मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. बहिणीच्या साड्यांना फॉल लावायला दाजीबानपेठेत माझ्या दुकानात येतात. मागल्या महिन्यात काउंटरवर साडी ठेवली आणि साडीकडेच बघत म्हणाले, "तुम्ही एकट्या, मीही एकटा. विचार कराल का?"

मी ताडकन, "मी एकटी नाही. घरी सासूबाई आहेत."

गेले बिचारे. साडी तशीच राहिली. ती अजून कपाटात आहे, फॉल लावून, इस्त्री करून.

शुक्रवार, ८

भांडण. म्हटलं, तुमच्या लेकाच्या जागी दुसरा माणूस आणून बसवताना काही वाटत नाही का.

आत्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही. "त्याच्या जागी कोण बसवतंय? तो आहे तिथं आहे. तू पन्नाशीची, मी ऐंशीची. मी गेल्यावर या घरात भांडणार कुणाशी तू?"

"आणि मी गेले तर तुम्ही कुणाशी भांडाल?"

"कलघटगीला माझी लेक आहे की."

आहे. दोन खोल्या आणि घरभर माणसं. आत्या तिथं आठ दिवस टिकत नाहीत, नवव्या दिवशी जावयाशी वाजतं. हे आम्हा दोघींनाही माहीत.

हे गेल्यावर सगळे म्हणाले होते, माहेरी जा. आत्या तेवढ्या काही बोलल्या नाहीत. सकाळी माझ्यापुढं चहाचा कप ठेवला आणि दुकानाची किल्ली ठेवली. त्या बाईला सोडून मी रायापूरला जाऊन संसार थाटू? जमायचं नाही.

रविवार, १०

पहाटेपासून स्वैपाक. एण्णेगाय, भाकरी, शेंगाची चटणी, दहीभात, दिवाळीतल्या उरलेल्या करंज्या. गिरिजक्कापण आली. न येऊन सांगते कुणाला.

बाग साहेबाच्या काळातली. मधे तो दगडी चौथरा, तिथं म्हणे बँड वाजायचा. आत शिरलं की ऊन संपतंच. वड एवढे पसरलेत की खाली गार अंधार. ठिकठिकाणी सतरंज्या पडलेल्या, पोरं पारंब्यांना लोंबकळतायत. गेटवरचा माणूस सगळ्यांना तेच सांगत होता, "वले हच्चब्याड्री!" आम्ही कुठं चूल पेटवतोय, डबे आणलेत बाबा.

आत्या थेट चौथऱ्यामागं गेल्या. "हीच. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूनं इथंच जेवायला आणलं होतं मला." बुंध्याला हळदकुंकू, दोऱ्याचे वेढे, हात जोडले. डोळे मिटून किती वेळ उभ्या होत्या.

मी वर बघितलं तर चिंच. ढळढळीत चिंच. शेंगा लोंबतायत. आवळीचं झाड कधीच गेलं असणार आणि आत्यांच्या मोतीबिंदूला बारीक पान म्हणजे आवळी.

"अहो आत्या..." म्हणेपर्यंत समोरून वसंतराव आले. वर बघितलं, आत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघून मान एवढीशी हलवली. नको. आणि "नळावरून पाणी आणतो" म्हणून तांब्या घेऊन गेले ते येईचनात.

मी शोधायला गेले. तर वसंतराव गेटशी गाडीवाल्यापुढं उभे. "नेल्लिकाय, नेल्लिकाय" ओरडत आवळे विकतो तो. घेतलेले आवळे एकेक करून रुमालाला पुसत होते, कारण गाडीवाल्यानं न विचारता तिखटमीठ लावून दिलं होतं.

"झाडाखाली दोनचार पडलेले दिसले तर बरं वाटेल त्यांना," म्हणाले. रुमाल लालेलाल.

मला काय झालं कळेना. हसू आलं. मी पण पदरानं दोन पुसले.

ते आधी जाऊन टाकून आले. मग आत्यांनाच सापडले. "बघ गं, आवळीनं प्रसाद दिला!" एक लगेच तोंडात टाकला. क्षणभर थांबल्या. चावत राहिल्या.

पत्रावळ्या मांडल्या. वसंतराव वाढायला उठले तर आत्या म्हणाल्या, "बसा हो. तुम्ही पाहुणे. आज मी मुलीकडची."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हीच बाई मला बघायला आली तेव्हा मुलाकडची म्हणून ऐटीत पाटावर बसली होती. मला सुईत दोरा ओवायला लावला होता. ओवला तर म्हणाली, अजून एकदा. आणि आज एवढंसं तोंड करून त्या माणसाला सांगते, "एण्णेगाय हिनं केलंय. मीठ जरा कमी घालते, तेवढं सांभाळून घ्या."

वसंतराव म्हणाले, "मला कमीच लागतं."

गिरिजक्कानं मला कोपर मारलं. मारायची काही गरज नव्हती, मी ऐकलं होतं.

सोमवार, ११

दुपारी पाय चेपून घेताना आत्या अचानक, "काय गं, झाडावरच्या आवळ्याला तिखटमीठ कधीपासून लागायला लागलं?"

मी जरा जोरानं चेपायला लागले.

"डोळ्यात मोतीबिंदू झालाय, जिभेत नाही. एक पुसायचा राहिला होता."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"तो बोलला का? म्हातारीची चूक पोटात घातली त्यानं, चारचौघांत हसं होऊ दिलं नाही. मग मी कशाला बोलू?" थोड्या वेळानं, "चिंचेखाली जेवून पुण्य मिळेल ना गं?"

म्हटलं, अर्धं मिळेल.

"पुरे की."

बुधवार, १३

तुळशीचं लग्न. कुंडीत चिंच आणि आवळा दोन्ही खोवायचं असतं. आत्यांनी चिंच मुद्दाम पुढं सरकवली आणि माझ्याकडं बघितलं. नाटकी बाई.

अक्षता पडल्यावर मी सांगून टाकलं. मला ते आवडतात. होय, आवडतात. पण तुम्ही आमच्याबरोबर रायापूरला यायचं, तरच.

आत्यांचा चेहरा उजळला आणि लगेच मिटला. "मुलीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये. आणि मी मुलीकडची. बागेत सगळ्यांदेखत सांगितलंय."

म्हणजे ते वाक्य लाडानं आलेलं नव्हतं! घरातनं निघतानाच ठरवून आणलं होतं. मी सुटावं, आणि त्यांना बरोबर न्यायचं मला कुठल्याच तोंडानं म्हणता येऊ नये.

"कसल्या जुन्या रीती काढता हो?"

"आवळी जुनी चालते, ही नाही चालत होय?"

मी जेवले नाही. त्याही जेवल्या नाहीत. तुळशीपुढचा ऊस दोघींनी वेगवेगळ्या खोलीत खाल्ला.

गुरुवार, १४

दिवसभर मशीनवर हेच डोक्यात. रीत ना? बरं, रीतच. मुलीच्या घरी आईनं राहू नये. पण जावयानं सासुरवाडीला राहू नये असं कुणी सांगितलंय? लोक हसतात, एवढंच.

दिवे लावून झाल्यावर फोन केला. सरळ विचारलं. घरजावई व्हाल का?

"या वयात?"

"या वयात."

पलीकडून कुठल्याशा गाडीचा हॉर्न ऐकू आला. नाही म्हणाले तर मी काय करीन, हे मी ठरवलंच नव्हतं. आज कळलं की मला किती हवं आहे हे.

मग वसंतराव म्हणाले, "तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?"

"आलं की येतं."

"हं. सकाळपर्यंत वेळ द्या. मुलाशी बोलतो."

फोन ठेवला तर दाराआडून आत्या. ऐकतच उभ्या होत्या. "काय म्हणाला?"

"पाणी कधी येतं विचारत होते."

त्या भिंतीला धरून स्वैपाकघरात गेल्या. आतून भांडी सरकवल्याचा आवाज. मग हाक आली,

"माळ्यावरचं पाण्याचं मोठं पिंप खाली काढ गं. घासून ठेवू."