घाणेरीचा काटा

१४ सप्टेंबर १९९९, मंगळवार

कॉलेजच्या अभ्यासासाठी आमच्या ओढ्याकाठची झाडं मोजताना काल माझ्या जुन्या वर्गातल्या सुनंदाच्या हाताला घाणेरीचा काटा लागला. माझं डोकंच फिरलं. आज पहाटे कोयता घेतला आणि अख्खा काठ साफ केला. ती आली नि मटकन बांधावर बसली.

"दिन्या, शेतातला युरिया ओढ्यात जायच्या आधी ही झाडीच शोषून घेते. तेच मोजत होते ना रे मी!"

बाबा म्हणाले, "सोताचा कालेज सोडला, आता हिचाबी सोडवतो का?"

संपलं सगळं, असं वाटलं. पण डोळे पुसून ती म्हणाली, "आता परत काय उगवतं ते दर रविवारी मोजायला यावं लागेल. वर्षभर!"

वर्षभर! मी चेहरा पाडूनच ठेवला. त्या काट्याचे उपकार कसे फेडू? पलीकडच्या काठाची झाडी अजून उभीच आहे. पुढच्या वर्षासाठी कोयत्याला धार लावून ठेवू का?