ताजी वीज

दीपनगर, जानेवारी १९८८

तीर्थरूप आबांना रुपचंदचा साष्टांग नमस्कार.

एसटीनं पाठवलेली ट्रॅक्टरची बॅटरी पोचली. सोबत तुमचा निरोप, "तठली वीज ताजी शे, लवकर भराई जाई." ऐकून खूप हसलो. आबा, वीज इथल्या केंद्रात तयार होत असली तरी बॅटरी आपल्या चोपड्यात भरते तशीच सावकाश भरते. घाई केली तर तापून खराब होते.

गनीभाईंच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात नेली. त्यांनी तपासली आणि म्हणाले, "अरे, ये तो भरेली है!"

मग मात्र मला हसू आलं नाही.

आई गेल्यापासून संध्याकाळी बोलायला कोण असतं? जेवता ना वेळेवर?

रजा टाकली आहे. बॅटरी घेऊन मीच येतो. पुन्हा एवढं ओझं स्टँडपर्यंत वाहू नका, आबा. नुसतं 'ये' म्हणा.

तुमचा,
रुपचंद