डाव्या कानातला आवाज

शुक्रवार, ६ फेब्रुवारी, संध्याकाळ

जमलं! माझ्या भावाच्या, म्हणजे विनूच्या, डीजे सॉफ्टवेअरला आज मी बोलतं केलं. त्याची दृष्टी गेल्यापासून शेजारी बसून गाण्यांची नावं मीच वाचायची. आता ती त्याच्या हेडफोनच्या डाव्या कानात एका बाईच्या आवाजात ऐकू येतात. मोठ्या स्पीकरवर तर जात नाहीत ना? तीनदा तपासलं.

विनू म्हणाला, "ताई, हे बाई लय सावकाश बोलते. पळव तिले!" वेग दुप्पट केला. मला एक शब्द कळेना, तो मात्र भराभर गाणी जोडत राहिला.

"उद्या बोरी अरब गावच्या हळदीले तू पाहुणी म्हणून ये. नाच!"

यासाठीच तर केलं होतं. तरी डावा कान चौथ्यांदा तपासला. काळजीनं, की शेजारची खुर्ची सुटेना म्हणून? पिवळी साडी मात्र काढून ठेवली आहे.