अकरा फोडींचं संत्रं

ता. ८ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं लावतेस, म्हणून पत्रच लिहिते आहे. इकडे सगळे खुशाल. तुझे बंधुराज रोज सकाळी फिरायला जातो म्हणून निघतात आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत येतात. आईला सगळं माहीत आहे, पण तेवढीच घरात शांतता म्हणून ती बोलत नाही.

तुझ्या जुन्या शाळेत मला लागून सात महिने झाले. पहिलीचा वर्ग, सव्वीस मुलं. एकच वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यावरून इंग्रजीही शिकवायचं, विज्ञानही, ही इथली पद्धत तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात संत्रं होतं. प्रत्येकाला एकेक दिलं. ऑरेंज, राउंड, पील, सीड असं सगळं छान चाललं होतं. साल दाबल्यावर उडालेला फवारा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत गेला आणि ‘स्मेल’ शिकवायच्या आधी रडारड सुरू झाली, पण मजा आली.

मग शाळेनंच तयार केलेल्या कार्यपुस्तिकेचं पान काढलं. त्यावर सोललेल्या संत्र्याचं चित्र आणि खाली इंग्रजीत वाक्य, की संत्र्याला अमुक इतक्या फोडी असतात. मधला आकडा मुलांनी भरायचा, उत्तर मागच्या पानावर छापलेलं आहे: टेन. पंचवीस जणांनी टेन लिहिलं. मिरीनं इलेव्हन लिहिलं.

मिरी म्हणजे खिडकीपाशी बसणारी सहा वर्षांची पोर. घरी तिला मिरी म्हणतात, मीही म्हणते, कारण आहे एवढीशी आणि तिखट. इंग्रजी बोलताना चुकायला न भिणारी वर्गात ती एकटीच. तिच्या पानावर मी लाल फुली मारली. तिनं आपल्या फोडी बाकावर ओळीनं मांडून मला बोलावलं, आणि आत्या, मी बघायलासुद्धा गेले नाही. तास संपत आला होता, पुस्तिका तपासून मोठ्या बाईंकडे द्यायच्या होत्या. पुस्तकात टेन आहे ना, मग टेन, एवढं म्हणून मी मोकळी झाले. तिनं खोडून टेन लिहिलं. सुट्टीत पाहिलं तर फोडी बाकावर तशाच, एकही खाल्लेली नाही. मोजल्या. अकरा भरल्या.

त्याला पाच दिवस झाले. तेव्हापासून ती तोंड उघडत नाही. काही विचारलं की आधी पुस्तकात बघते, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि गप्प बसते. माझ्या हातून एक चांगली पोर मिटून गेली, याचं मला फार वाईट वाटतंय. चूक कबूल करावी, तर मी नवीन बाई, सव्वीसच्या सव्वीस डोक्यावर बसतील. आणि मोठ्या बाईंच्या लेखी कार्यपुस्तिका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते पान ज्या कुणा शहाण्यानं बनवलंय ना, त्याला एकदा भेटायचंय मला.

कानात थेंब वेळेवर घाल आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भिंगरी


ता. १२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. थेंब घालते आहे. बंधुराजांना सांग, बाकावर बसून पोट उतरत नाही.

त्या शहाण्याला भेटायचं असेल तर एखाद्या रविवारी ये. जेवायलाच ये. ते पान मी बनवलंय. तेवीस वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर संत्रं सोलून. त्याला दहा फोडी होत्या हे शपथेवर सांगते. पण दुसरं सोलायचा कंटाळा केला आणि जगातल्या सगळ्या संत्र्यांना दहा-दहा फोडी लावून दिल्या. पुढे चौदा वर्षं तेच पान शिकवलं. इतक्या वर्षांत एकाही मुलानं अकरा लिहिलं नाही, याचा मला अभिमान वाटायचा. तुझं पत्र वाचलं आणि मान खाली गेली. कुणाच्याच संत्र्याला अकरा फोडी नसतील असं कसं होईल? मोजायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला मीच शिकवलं असणार.

आता तुझं. पान चुकलं ते माझं. तू बघायला गेली नाहीस ते तुझं, ते माझ्या खात्यात ढकलू नकोस. मुलं डोक्यावर बसली तर बसू देत, पाच मिनिटांत कंटाळून उतरतात.

एक युक्ती सांगते. संत्र्याच्या देठाशी हिरवं बटण असतं ते नखानं अलगद काढ. खाली बारीक ठिपक्यांचं गोल कडं दिसेल. झाडाकडून फोडींना पाणी जायच्या त्या वाटा. जितके ठिपके तितक्या फोडी, साल न काढता मोजता येतात. एवढी वर्षं संत्रं शिकवलं आणि हे मला निवृत्तीनंतर फळवाल्यानं सांगितलं! आधी ठिपके मोजू दे, मग सोलून पडताळू दे. पुस्तक सगळ्यांत शेवटी उघड.

मोठ्या बाई काही म्हणाल्याच तर माझं नाव सांग. सोबत मिरीसाठी चिठ्ठी आहे, ती तिला वाचून दाखव.

तुझी चूक पदरात घेऊन कान धरणारी,
आत्या


चि. मिरीस,
गोड गोड पापा.

मी तुझ्या बाईंची आत्या. तुझ्या पुस्तिकेतलं संत्र्याचं पान मी लिहिलं. मी एकच संत्रं मोजलं होतं. तू तुझं नीट मोजलंस आणि दिसलं तेच लिहिलंस. तरी तुला फुली मिळाली, ती माझ्यामुळे. थोडी तुझ्या बाईंमुळेही, पण ते त्यांचं त्या सांगतील. मी तुझ्याहून साठ वर्षांनी मोठी आहे, तरी माझं चुकलं. तू मोजायचं सोडू नकोस.

बाईंची आत्या


ता. २१ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग ‘ते तुझं’ एवढं पुन्हा वाचलं.

गुरुवारी पुन्हा संत्री नेली. आधी कबुली दिली. मिरीचं बरोबर होतं, मी न बघताच फुली मारली, असं मराठीत सांगितलं आणि मग इंग्रजीतही. डोक्यावर कुणी बसलं नाही. एकानं फक्त विचारलं, की मग बाईंना फुली कोण मारणार. ते अजून ठरायचं आहे.

मग बटणं काढली. नऊ, दहा, बारा, इंग्रजी आकड्यांचा नुसता गलका! सोलल्यावर जवळजवळ सगळ्यांचे आकडे जुळले. एका संत्र्याला ठिपके अकरा, फोडी दहा आणि अकरावी नखाएवढी. ती धरायची की नाही यावर तुंबळ भांडण झालं. आणि मिरी उठून उभी राहिली. लहान असली म्हणून काय झालं, फोड ती फोडच, असं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं. दोन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला. माझे डोळे भरून आले, पण खापर संत्र्याच्या फवाऱ्यावर फोडलं.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी विचारलं, की इतकी वेगवेगळी उत्तरं आणि सगळी बरोबर कशी. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलावरचं संत्रं उचललं आणि बटण काढून मोजत बसल्या.

तुझी चिठ्ठी मिरीनं दप्तरात घालून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला उत्तर लिहायला बसवलं. तिनं सांगितलं तसंच लिहिलंय. सही तिची आहे.

रविवारी येतेच आहे, मिरीची पुस्तिका घेऊन. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी


बाईंच्या आत्यांना नमस्कार.

तुमची चिठ्ठी घरी सगळ्यांना वाचून दाखवली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या संत्र्याला खरंच दहा फोडी होत्या ना? मग तुम्ही दहा लिहिलं. माझ्या संत्र्याला अकरा होत्या, मी अकरा लिहिलं. म्हणजे तुमचं पण बरोबर आहे. मी बाईंकडून लाल पेन मागून घेतलं आणि तुमच्या पानावर बरोबरची खूण केली. मोठी केली, तुम्हाला नीट दिसावी म्हणून.

मिरी