शेवटी ‘मनी’ येणारे शब्द

१९ नोव्हेंबर, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? जड बादल्या उचलू नकोस म्हटलं तरी तू उचलणारच, म्हणून नुसतंच विचारते. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा कागद घेतला. शेजारचे टॅक्सीवाले काका थोड्या वेळाने तुमच्या बाजूला निघतायत, त्यांच्या हाती देते. त्यांना दारातून परत पाठवू नकोस, निदान पाणी विचार.

दोन कागद फाडून झाले. मध्येच उठून धुतलेल्याच बशा पुन्हा धुतल्या. खिडकी उघडली, मग आवाज येतो म्हणून लावली, मग जीव घुसमटतो म्हणून पुन्हा उघडली. असं चाललंय.

आधी कालच्या वर्गाचं सांगते. वर्ग चालू असताना आग लागली, त्यात भावोजींच्या शिवणकारखान्यातली वरची खोली गेली, पण बायका वर्ग सोडायला तयार नाहीत. आता सायकलच्या दुकानावरची खोली मिळालीय. शब्द पाठ होत नाहीत म्हणून त्यांची कुरकुर असते, म्हणून मी इंग्रजी शब्द शेपटीला धरून शिकवते. एक शेपूट पकडायचं आणि त्याला लटकलेले सगळे शब्द ओढून बाहेर काढायचे. काल ‘मनी’ घेतलं.

फळ्यावर लिहिलं: मॅट्रिमनी, पॅट्रिमनी, ॲलिमनी, ॲक्रिमनी, सेरिमनी. खडू खाली ठेवायच्या आत काजं-बटणं करणारी काजवाली म्हणाली, “बाई, सगळ्यांच्या शेवटी पैसाच की!” म्हटलं, ऐकायला तसं वाटतं, पण या मनीचा पैशाशी काही संबंध नाही. हे लॅटिनमधून आलेलं शेपूट. आपण आईपण, मोठेपण म्हणतो ना, त्यातल्या ‘पण’सारखं. मागून कोणीतरी विचारलं, “मग ध्यानीमनी कुठे बसवायचं?” खोलीभर हशा. कित्येक महिन्यांत त्या बायका पहिल्यांदा हसल्या, ताई.

मॅट्रिमनीत मेटर आहे, मेटर म्हणजे आई. शब्दशः आईपण, पण अर्थ लग्न. पॅट्रिमनीत पेटर, बाप. अर्थ, बापाकडून आलेली इस्टेट. हे सांगितलं मात्र, इस्त्रीवाली कपाळाला हात लावून म्हणाली, “म्हणजे आईच्या वाट्याला संसार आणि बापाच्या वाट्याला इस्टेट. तिकडेही हेच का?” ॲलिमनी म्हणजे पोटगी, मुळात पोसणं, खाऊ घालणं. आपल्या पोटगीतही पोट आहेच. ॲक्रिमनीचं मूळ तिखट, धारदार. बोलण्यात येणारा कडवटपणा. तुझा रविवारचा फोन आठवला, पण उदाहरण दुसरं दिलं. सेरिमनी, समारंभ. त्याचं मूळ नक्की कुठलं ते कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. काजवालीने हार्मनीही आणला. तो दिसतो यांच्यातला, पण आहे परका. ग्रीकमधला, जोड किंवा सांधा या अर्थाच्या शब्दावरून आलेला.

मग इस्त्रीवालीने हात वर केला. तिच्या भाजलेल्या उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत, डाव्याने लिहिते. “बाई, एक राहिला. मला आलेल्या कोर्टाच्या कागदावर आहे. टेस्टिमनी.”

राहिला नव्हता. मी गाळला होता.

सांगणं भाग होतं. टेस्टिस म्हणजे साक्षीदार. आणखी मागे गेलं तर, जाणकार म्हणतात, त्याचा अर्थ तिसरा उभा असलेला. दोघांच्यात काही घडतं, तेव्हा बाजूला उभा राहून बघणारा तिसरा.

“आणि तो तिसरा घरातलाच असला तर?” तिने विचारलं. वाईट हेतूने नाही. मी फळा पुसला आणि वर्ग लवकर सोडला.

ताई, माझी साक्ष आज सकाळी झाली.

रविवारी तू म्हणालीस, “ह्यांनी माणसं बाहेर काढली एवढंच सांग. ते खोटं आहे का?” खोटं नाही. “मग कुलपाचं विचारलं तर आठवत नाही म्हण. माझ्या संसाराकडे बघ गं.” मी गप्प बसले आणि तू तो होकार धरलास. मी धरू दिला.

आज भावोजींच्या वकिलांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. धुरात ज्याला जिकडे वाट दिसेल तिकडे तो पळत होता आणि हा एक माणूस वर चढत आला. मागच्या जिन्याचं दार उघडून इस्त्रीवालीला खांद्यावर टाकून उतरवलं, पुन्हा वर आला, आणखी दोघींना नेलं. स्वतःचे हात जाळून घेतले. हे सांगताना मला रडू आलं. वकील समाधानाने खाली बसले.

मग समोरच्या वकीलबाई उठल्या. “ते दार आधी कसं होतं?”

बंद होतं, म्हटलं. साखळी आणि कुलूप. आम्ही त्यावर खुर्च्या आपटल्या. कॉलर शिवणाऱ्या मावशी माझा पदर धरून उभ्या होत्या. त्या तिथेच खाली बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. कुलूप कोणी लावलं होतं? मी म्हटलं, त्याच दुपारी मी भावोजींना विचारलं होतं, कुलूप कशाला? ते म्हणाले होते, “कापड चोरून बाहेर जातंय. माल रवाना झाला की काढतो.” किल्ली त्यांच्या खिशात होती. तीच घेऊन ते वर आले.

मला दोन्ही दिसलं, ताई. एकच सांगितलं असतं तर त्यांनी जिवावर उदार होऊन जे केलं, तेही माझ्या तोंडी खोटं वाटलं असतं. आणि मावशींच्या नातवाला इंग्रजीच कळतं, त्याच्याशी बोलता यावं म्हणून त्या या वयात एबीसीडी गिरवत होत्या. त्याला उद्या कोणी सांगितलं असतं की दार उघडंच होतं, आजीच घाबरून चुकीच्या बाजूला गेली, तर?

भावोजींचे वकील उठून म्हणायला लागले की बाई घाबरलेल्या होत्या, धुरात नीट दिसलं नसेल. तेव्हा भावोजींनी त्यांचा कोट ओढला. हातात ते भाजल्यावर घालायचे मोजे. उभे राहिले. “ती बरोबर बोलतेय. कुलूप मी लावलं होतं.” न्यायाधीशांनी विचारलं, काय बोलताय ते कळतंय ना? “कळतंय,” म्हणाले, आणि पुन्हा तेच सांगितलं. निकाल पुढच्या तारखेला. शिक्षा होणार असं वकील म्हणतात. तोवर जामीन आहे.

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून चालत सुटले. मागून पावलं येत होती. वळून म्हटलं, “घरी जा, भावोजी.” म्हणाले, “तिला काय सांगू?”

ते माझ्याकडेच आहेत. बाहेरच्या खोलीत बसलेत, पायातले बूटही काढलेले नाहीत. भात वाढला तो तसाच गार झालाय. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. फक्त एकदा म्हणाले, “तिने एवढी धावपळ केली माझ्यासाठी, आणि कबूल करण्याआधी मी तिला विचारलंसुद्धा नाही. तूच लिही.” खुर्ची तेवढी करकरते मधूनमधून, आणि दर वेळी मला वाटतं, उठले.

माझ्यावर हवं तितकं रागव. आयुष्यभर बोलू नकोस, तेही सोसेन. पण आज त्यांना न्यायला ये. मी सांगून ते उठणार नाहीत, तू नुसती दारात दिसलीस तरी उठतील. काकांच्या टॅक्सीनेच इकडे ये, मी त्यांना थांबायला सांगितलंय. तू आलीस की मी खाली जिन्यात जाऊन बसेन, तुम्ही दोघं बोला.

तू ठेवशील त्या नात्याने,
तुझी धाकटी