तापिओचा अखंड स्वर

१ जून, रविवार
आजपासून रोज पहाटे पाचला उठणे. पाच ते सात कंपोझिशन. चहा एकच.

आमच्या लेकीच्या, तनयाच्या, कम्युनिटी ऑर्केस्ट्राचा मेल आलाय. ३ ऑगस्टला दुपारी हौशी लोकांच्या नव्या रचना वाजवून बघणार. मर्यादा दहा मिनिटं. ही मर्यादा सामान्य लोकांसाठी असावी. त्यांच्या कंडक्टरला, ग्रेगला, लगेच फोन केला. फार खूश झाला. म्हणाला, विश्राम मेट, लव्हली, एखादा राग वगैरे? तबला आणणार का? मनातल्या मनात त्याची कीव केली. वीस वर्षं मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवली म्हणून मी जन्मभर काय आरत्याच वाजवायच्या?

मी टोन पोएम लिहिणार. शब्द नाहीत, गायक नाही, अख्ख्या ऑर्केस्ट्राने सांगितलेली गोष्ट. विषय: फिनलंडचं अरण्य आणि त्याचा देव तापिओ. भुवया शेवाळाच्या, दाढी दगडफुलाची. तेच दगडफूल, जे आपण गोड्या मसाल्यात घालतो. म्हणजे मुळात नातं आहेच. सिडनीत, निदान आमच्या हॅरिस पार्कात, हा विषय अजून कोणी घेतलेला नाही.

४ जून, बुधवार. सकाळी ८.१०
पाचला उठलो नाही. थंडी. पण फिनलंडची थंडी समजून घ्यायची तर पांघरुणात थोडं पडून राहणंही अभ्यासच आहे. ट्रॅमने ऑफिसला. उशीर.

१४ जून, शनिवार
अनुभवाशिवाय अरण्य लिहिता येत नाही, म्हणून सहकुटुंब ब्लू माउंटन्स. अरण्यात अकरा मिनिटं. मग पोटरीला जळू. मी किंचाळलो असं तनया म्हणते. मी फक्त तिला सावध केलं. सुहासिनीने पर्समधल्या मिठाच्या पुडीने जळू काढली आणि म्हणाली, घ्या, तुमच्या देवाने प्रसाद पाठवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, टोमणा मारायचा असला की अजून ‘तुम्ही’ होतं. उरलेला दिवस कॅफेत.

तापिओला एक बायको आहे, मीलिक्की. जखमी जनावरांना बरं करते. तिला बासरीचे दोन बार, म्हणजे जेमतेम चार-पाच सेकंद, दिले होते. आज कापले.

२९ जून, रविवार
झालं! तेवीस मिनिटं. सॉफ्टवेअरवर हेडफोन लावून ऐकलं, डोळे भरून आले. खुद्द तापिओचा स्वर ओबोला दिलाय. ओबो म्हणजे सनईचं गोरं भावंड, आमची तनया वाजवते. चार मिनिटं दहा सेकंद, मध्ये एकही खंड नाही. लॅपटॉपने एका दमात वाजवलं, त्याला काही त्रास झाला नाही.

आजच कळलं की त्या दिवशी हेलन नावाच्या बाई मुद्दाम तनयाला ऐकायला येणार आहेत. मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत ओबो शिकवतात. तनयाला त्यांच्याकडेच शिकायचंय, सहावीत असल्यापासून. आता बारावी. म्हणजे कसा योग जुळून आला! पोरीचं नशीब, की बाप कंपोझर निघाला.

१३ जुलै, रविवार
तनया म्हणते, श्वास घ्यायला जागाच नाही. ओबोत हवा इतकी कमी जाते की उरलेली छातीत कोंडून राहते. आधी ती सोडायची, मग नवी घ्यायची, दोन्हीला वेळ लागतो. तिने हे फार शांतपणे सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मी म्हटलं, माझी पेटी चाळीस-चाळीस मिनिटं वाजते, ती कधी श्वासाला थांबली का? तर म्हणे, बाबा, इट लिटरली ब्रीद्ज, तुझा डावा हात भात्यावर काय करतो मग?

उद्धटपणा आईकडून आलाय. इथल्या आदिवासींचा लांब भोंगा, डिजरीडू, वाजवणारे नाकाने श्वास घेत तासभर फुंकत राहतात, त्याचे सहा व्हिडिओ तिला पाठवले. तिने पाहिले. विचार करत असावी.

२ ऑगस्ट, शनिवार
उद्या!

तनया क्लासला गेली असताना तिची फाइल उघडली. तिच्या पार्टवर, म्हणजे तिच्या सुरांच्या कागदावर, पेन्सिलने श्वासाच्या खुणा, स्वल्पविरामासारख्या. मोजल्या. सतरा. देवाच्या स्वराला सतरा भोकं! पहिलं पान तसंच ठेवलं, तिला आधी शंका यायला नको. दुसऱ्या पानावर पंधरा होत्या, त्या एकूणएक खोडल्या. खोडरबरचा भुगाही नीट झटकला.

सोय काढून घेतली की माणूस कर्तृत्व दाखवतो. ऑफिसात टेस्टिंगची टीम मी अशीच वाढवली. तिघे सोडून गेले, पण वाढले.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.३०
रचना वाजली. जवळपास.

वेळ नाही म्हणून ग्रेगने पहिली बारा मिनिटं गाळली आणि थेट तापिओवर आला. तनयाने स्वर धरला. काय लावला होता! हेलनबाई पुढे सरकून बसल्या. मग पान उलटलं. तनया कागदाकडे बघत राहिली, तरी वाजवत राहिली. चेहरा लाल झाला, मग जांभळट. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मागून ओरडलो, चालू ठेव! सगळा ऑर्केस्ट्रा वळून माझ्याकडे बघायला लागला. प्रोत्साहन ही कल्पना या लोकांना नवीन असावी.

तनयाने ओबो मांडीवर ठेवला. हॉलमध्ये शांतता. तिने ते पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि खूप वेळ निरखलं. मग माझ्याकडे बघितलं. मी थम्ब्ज अप केलं.

ग्रेग नंतर म्हणाला, ती शांततेची जागा सुंदर होती, तेवढी ठेव. स्तुती नोंदवून ठेवतो. मायलेकी गाडी घेऊन निघून गेल्या, मला सांगायचं राहिलं असणार. चालत घरी.

९ ऑगस्ट, शनिवार
हेलनबाईंचा मेल. सुहासिनीने मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला, जास्त सावकाश. तनयाला ऑडिशनला बोलावलंय. लिहिलंय की त्या हॉलमध्ये कुठे थांबायचं हे कळणारी ती एकटीच होती.

मी म्हटलं, माझ्या रचनेशिवाय हे दिसलंच नसतं. दोघी पोळ्या खात राहिल्या. ऑडिशनच्या वेळी मी सिडनीतच राहायचं, ही तनयाची एकमेव अट. माझं दडपण येत असावं. मोठ्या माणसांच्या मुलांना येतं.

२१ फेब्रुवारी २०२६, शनिवार
तनया मेलबर्नला गेली. तिथल्या टार्निट उपनगरात मेधामावशीकडे राहणार. सुहासिनी एअरपोर्टला घेऊन गेली. गाडीत जागा नव्हती म्हणे. बॅगा दोनच होत्या. तनया निघताना पाया पडली, आईने सांगितलं म्हणून. पोचलीस की फोन कर म्हटलं. नो वरीज, म्हणाली. एखाद्या दुकानदाराला म्हणतात तसं.

दुपारी तिच्या खोलीत गेलो. खोली आवरलेली. टेबलावर फक्त तापिओचा पार्ट. चिठ्ठी वगैरे नाही. पान उजेडाला धरलं, पण मी फार नीट खोडलं होतं.

स्टॉपवॉच लावून तोंडाने तो स्वर धरून पाहिला. एकोणीस सेकंद. पुन्हा धरला. चौदा. डोळ्यांपुढे काजवे. पलंगावर बसून राहिलो. फार वाईट वाटलं. उगाच कारणं लिहीत नाही.

पेन्सिल घेतली. पंधराच्या पंधरा खुणा परत घालायच्या आणि तिला फोटो पाठवायचा. संध्याकाळचे सहा वाजले. पंधरा होत्या, एवढं पक्कं आठवतंय. कुठे होत्या, ते एकीचंही आठवत नाही.