हिराच्या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीबाबत

कोहका, भिलाई
रविवार, सकाळ

प्रिय केवलराम यांस,

बाबारावचा सप्रेम जयभीम.

तुमच्या गुडघ्याचे दुखणे एव्हाना उताराला लागले असेल, असे समजून चालतो. भागीरथाबाईंनाही माझा जयभीम सांगावा. माझी प्रकृती ठीक आहे आणि जेवण वेळेवर होते. (पोळ्या करायला येणाऱ्या ममताबाईंचे म्हणणे असे की ते वेळेवर होते, पण पोटभर होत नाही. तो त्यांचा वैयक्तिक अभिप्राय समजावा.)

पत्रास कारण असे. तुमची बहीण जाऊन येत्या सव्वीस तारखेला वर्ष होईल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी सीमा रायपूरहून येणार असून भिंतीवर लावण्यास हिराचे एक मोठे छायाचित्र हवे आहे. उपलब्ध साहित्य दोन प्रकारचे आहे. पहिले, दवाखान्याच्या कार्डावरील, ज्यात छायाचित्रकाराने नुकतेच तिचे धान्य अडवून ठेवले असावे अशी तिची मुद्रा आहे. दुसरे, सीमाच्या मोबाईलमधील, ती सर्व आजारपणातील आहेत. मला दोन्ही मान्य नाहीत. तेव्हा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून २००७ साली तुम्ही दिलेल्या कॅमेऱ्याची आठवण झाली. हिराने तो अकरा वर्षे वापरला. इतक्या वर्षांत तिचा एक बरा चेहरा त्यात निश्चित सापडेल, अशी माझी खात्री होती.

कॅमेरा कपाटात मिळाला नाही. तो स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात, तांदळातच पुरलेला मिळाला. (ओल लागू नये म्हणून तिने ही व्यवस्था केली असावी. मला कळवले नव्हते.) त्यातील कार्ड अशा जुन्या घडणीचे निघाले की येथील तिन्ही मोबाईल दुकानांत ते कशातच बसेना. म्हणजे चित्रे पाहायची तर कॅमेराच चालू होणे आवश्यक होते. रेल मिलच्या तपासणी विभागात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसास हे कठीण वाटले नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

कारखान्यात कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी त्यावर लाल पाटी लावतात आणि ती ज्याने लावली त्यानेच काढायची असते. त्याप्रमाणे मी पुठ्ठ्यावर ‘काम सुरू आहे, हात लावू नये’ असे लिहून ते कॅमेऱ्यास दोऱ्याने बांधले. देणारा आणि घेणारा अशा दोन्ही जागी सही मीच केली, कारण घरात अन्य कर्मचारी नाही. परिणामी ममताबाईंनी आठ दिवस त्या टेबलावरची धूळ पुसली नाही. विचारल्यावर म्हणाल्या, “पाटी तुमी लावली, आता तुमीच पुसा.” नियमाचा असाही अर्थ निघतो, हे मला तेहतीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

प्रथम सेल. भिंतीवरच्या घड्याळातील एक आणि टीव्हीच्या रिमोटमधील एक, असे दोन काढून घातले. कॅमेऱ्याने डोळा बाहेर काढला, एकदा आवाज केला आणि मान टाकली. मी दोष यंत्राचा ठरवून तशी वहीत नोंद केली. दोन दिवसांनी (घरातले घड्याळ बंद असल्याने दोन की तीन, हे सांगता येत नाही) गल्लीतील दुकानदाराने खुलासा केला की हे खादाड यंत्र घड्याळाच्या सेलवर जगत नाही, त्यास पुन्हा भरता येणारे दणकट सेल लागतात. वहीतील नोंद दुरुस्त करावी लागली. नवे सेल घातल्यावर त्यांचे झाकण बसेना, कारण त्याचा दात तुटलेला होता. तेथे रबरबँड लावला. पुढे प्रत्येक वेळी सेल काढून घातले की कॅमेरा तारीख विचारू लागला आणि आपल्या मनाने २००७ सालची एक जानेवारी सुचवू लागला. मी दर वेळी योग्य ते साल भरले. बहुधा सतरा वेळा. अठराव्या वेळी त्याने सुचवलेली तारीख दोनदा वाचली, मग भरले.

यानंतर त्याचा डोळा अर्धवट बाहेर येऊन अडकला आणि पडद्यावर लेन्समध्ये दोष असल्याची सूचना आली. सीमाने फोनवर सांगितले, “बाबा, रहने दो ना आता. कार्डावरचाच फोटो मोठा करू.” मी नकार दिला आणि दुर्गला जुन्या बाजारात हेमराज नावाच्या कारागिराकडे गेलो. हा रेल्वेतल्या मराठी कुटुंबातला, वडील नागपूरकडचे. त्याने पाटी वाचली, रबरबँड पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

“काका, याले जिवंत करून करता काय? शोकेसमंदी ठेवा, नातवाईले दाखवाले होईल.”

मी कारण सांगितले. त्याने भिंग लावून लेन्सच्या फटीत सुई फिरवली आणि तांदळाची एक कणी बाहेर काढली. “काका, काकू यात भात लावत होत्या काय?” असे त्याने विचारले आणि पैसे घेण्यास नकार दिला. कणी मी कागदात बांधून घरी आणली. काढलेला सुटा भाग मालकास परत मिळावा, असा संकेत आहे.

घरी येऊन पाटी काढली आणि सर्व चित्रे पाहिली. एकूण चारशे अठरा. मी एकशे बारा चित्रांत आहे, त्यांपैकी बहुतेकांत काहीतरी समजावून सांगत आहे. सीमा आहे. सेक्टर दहाच्या क्वार्टरमधले पेरूचे झाड सर्व ऋतूंत आहे. मैत्रीबागेतल्या पांढऱ्या वाघाची पाठ आहे. तुम्ही तोंडात घास असताना सहा वेळा आहात. हिरा नाही. मी दुसऱ्यांदा मोजणी केली, निष्कर्ष तोच आला. कारण उघड आहे. कॅमेरा घरात आला त्याच दिवशी मी नियम केला होता की यंत्र एकाच व्यक्तीने हाताळावे, म्हणजे जबाबदारी निश्चित राहते. तो तिने काटेकोरपणे पाळला. अकरा वर्षांत मी एकदाही तिच्या हातून तो घेऊन म्हटले नाही की तू समोर उभी राहा.

सबब कार्डावरील छायाचित्रच मोठे करण्याचे ठरले आहे. हे केवळ माहितीस्तव कळवले. उत्तराची घाई नाही.

आपला भाऊजी,
बाबाराव

ता. क. : उत्तराची थोडी घाई आहे. २०१३ साली तुमच्या गौरवच्या लग्नास हिरा एकटीच नागपूरला आली होती. तेव्हा गौरवने कॅमेऱ्यातील सर्व चित्रे तुमच्या घरच्या संगणकात उतरवून घेतली होती. तो संगणक माळ्यावर असला तरी कृपया भंगारात देऊ नये.

ता. क. २ : ती चित्रे येथेही आहेत, मग घाई कसली, असे तुम्हाला वाटेल. सर्व नाहीत. दर रविवारी मी कार्डाची तपासणी करीत असे आणि हिराचे बोट लेन्ससमोर येऊन ज्यांचा कोपरा झाकला गेला आहे, अशी चित्रे सदोष म्हणून पुसून टाकीत असे. ती म्हणे, “माणसं पाहा ना, बोट कावून पाहता?” लग्नाची तेवीस चित्रे मी तशी बाद केली, पण ती नागपूरहून परत आल्यानंतर. म्हणजे तुमच्या संगणकात ती तपासणीविना शिल्लक असली पाहिजेत. कृपया तेवढीच पाठवावीत. चांगली पाठवू नयेत.

ता. क. ३ : सीमाने विचारले, भिंतीवर आईचे बोट लावणार का? चौकटीचे माप चित्र हाती आल्यावर ठरवू, असे मी तिला कळवले आहे.